साठ वॅटचा वंशाचा दिवा

घरात अंडी उबवायचं ठरलं तेव्हा माझं मत कुणी विचारलं नाही. मी बेळगावच्या कोर्टात वकिली करते. दिवसभर माझं मत ऐकायला माणसं बाकावर ताटकळत बसतात, म्हणूनच बहुधा घरी फुकट मिळणाऱ्या मताला किंमत नाही. ठरवलं आमच्या ह्यांनी, आणि बेळगुंदीला थोरल्या बहिणीला फोनवर शब्द देऊन झाल्यावर मला कळवलं.

"आक्काची कोंबडी मुंगसानं नेली," हे म्हणाले. "मागं अकरा अंडी राहिलीत. आपण उबवायची."

"आपण म्हणजे कोण?"

"मी. तू फक्त मधे बोलायचं नाहीस."

हे हायस्कूलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले. उष्णतेचा धडा जन्मभर शिकवला, पण उष्णतेनं ह्यांचं कधी ऐकल्याचं मला आठवत नाही. गॅसवर ठेवलेलं दूध ह्यांच्या देखत उतू जातं आणि हे त्याला उत्कलनबिंदू समजावत उभे राहतात.

आक्कांच्या कोंबडीचं प्रकरण मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. आक्कांना तीन मुली. पहिली झाली तेव्हा सासरची माणसं 'लक्ष्मी आली' म्हणाली. दुसरीच्या वेळी 'असू दे' म्हणाली. तिसरीच्या वेळी काही म्हणायलासुद्धा कुणी आलं नाही. वंशाला दिवा नाही म्हणून सासूनं आठवडाभर अन्न सोडलं होतं असं आक्का सांगतात. चहा दोन वेळा चालू होता, हेही सांगतात. त्या बाळंतपणात बघायला आलं ते एकच माणूस, त्यांची आई, म्हणजे माझ्या सासूबाई. बसनं आल्या, आणि काखेत एक काळीभोर कोंबडी. बाळंतिणीला रस्सा करून घालायला आणली होती. आक्कांनी ती कापू दिली नाही, ठेवून घेतली.

ती कोंबडी, मग तिची लेक, मग लेकीची लेक, अशी ती काळी माळ आक्कांच्या परसात आजवर चालत आली. धाकटी भाची आता चाळिशीला टेकली आहे. कोंबड्यांचं घराणंही तेवढंच जुनं. त्या परसात वंश आईकडून मोजायचा. कायद्यात अशी सोय नाही, पण आक्कांनी कायद्याला विचारलं नव्हतं. कोंबडे शेजारपाजारचे, त्यांची दखल कुणी घेतली नाही. घरातलं पिल्लू कोंबडा निघालं की पाहुण्यांची वाट बघायचं. या घराण्यातले निम्मे पुरुष माझ्याच पोटात गेले आहेत.

गेल्या पावसाळ्यात मानमोडीचा रोग आला आणि परसात एकच काळी उरली. ती खुडूक होऊन अंड्यांवर बसायच्या बेतात असताना मुंगसानं डाव साधला. गावात दुसरी खुडूक कोंबडी नव्हती. हल्लीच्या फार्मच्या कोंबड्या अंडी घालतात आणि विसरतात, त्यांवर बसायचं असतं हे त्यांच्या गावीही नसतं. म्हणजे त्या अकरा अंड्यांतून काही निघालं तर निघालं, नाहीतर सासूबाईंनी काखेतून आणलेली ती भेट संपली. आणि निघणारं पिल्लू कोंबडीच हवं. कोंबडा निघाला तर आक्कांच्या लेखी काही निघालंच नाही.

अंडी आणायला आम्ही स्कूटरवरून गेलो. आक्कांनी भाताच्या कोंड्यात ती पुरून टोपली माझ्या मांडीवर दिली आणि म्हणाल्या, "दणकं बसू देऊ नगंस गं. पोटुशी बाई न्हेतीस असं समज." येताना हे इतक्या हळू आले की दोन सायकली आणि एक म्हैस आम्हाला मागं टाकून गेली. दणका बसला की अंड्यातला बलक हलतो, म्हणून आणलेली अंडी निदान दिवसभर टोक खाली करून शांत ठेवायची असतात, हे ह्यांनी मला वाटेत सांगितलं. प्रत्येक खड्ड्याला सांगितलं.

यंत्र घरीच बनलं. समोर काच बसवलेला थर्माकोलचा मोठा खोका, त्यात संगणकाचा जुना पंखा, पाण्याची वाटी, तापमान राखणारं एक छोटं उपकरण आणि साठ वॅटचा बल्ब. बल्बनं फार छळलं. आता सगळीकडे एलईडी, जे उजेड देतात पण तापत नाहीत. खडेबाजारातल्या दुकानदाराला हे सांगत होते, "मला उजेड नको, बल्ब तापला पाहिजे." तो म्हणाला, "सर, तापतात म्हणून तर ते बंद झाले." शेवटी एका अडगळीच्या दुकानात धुळीनं माखलेले दोन मिळाले. मी त्याला वंशाचा दिवा म्हटलं. हे हसले नाहीत.

पहिल्या दिवशी थर्मामीटर झाकणाला, बल्बच्या शेजारी टांगला होता. तो साडेसदतीस दाखवत होता आणि खाली, जिथं अंडी राहणार होती, तिथं बेळगावची थंडी होती. मी फक्त विचारलं की अंडी झाकणाला चिकटवायची आहेत का. मधे बोलायचं नाही असं ठरलंय, याची ह्यांनी मला आठवण करून दिली, पण संध्याकाळपर्यंत थर्मामीटर खाली आला.

दुसऱ्या दिवशी मला चिकोडीच्या कोर्टात तारीख होती, आणि सगळा घोटाळा त्या दिवशी झाला.

इथं ह्यांच्या कन्नडविषयी सांगायला हवं. मी निपाणीची. तंबाखूच्या वखारींच्या गल्लीत वाढले, तिथं माणूस ज्या भाषेत भाव सांगेल त्या भाषेत घासाघीस करायची. पुढं कोर्टाचं कामकाज कन्नडमध्ये, म्हणून लिहायला वाचायलाही शिकले. ह्यांचं तसं नाही. सीमेचा प्रश्न सुटेपर्यंत कन्नड शिकायचं नाही, असं ह्यांनी तरुणपणी मनाशी ठरवलं, आणि प्रश्नानंही ह्यांना सवड द्यायला कमी केलं नाही. रिक्षावाला, वायरमन, गॅसवाला, सगळ्यांशी हे शुद्ध मराठीत बोलतात आणि ते बिचारे मराठीत उत्तर देतात. त्यामुळे आपल्याला कन्नड समजतं, असा ह्यांचा समज झाला आहे.

त्या दिवशी ह्यांनी हुक्केरीकडच्या एका माणसाला फोन लावला. त्याची स्वतःची हॅचरी होती आणि त्याला मराठी अजिबात येत नव्हतं. अंडी खोक्यात ठेवण्याआधी काय करू, असं ह्यांनी विचारलं. त्यानं जे सांगितलं ते ह्यांनी मला नंतर शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. "तत्तीगी गुरतु हाक्री, आमेल कावीगी इड्री."

तत्ती म्हणजे अंडी, हे ह्यांना माहीत होतं. हाक्री म्हणजे घाला, आमेल म्हणजे मग आणि इड्री म्हणजे ठेवा, एवढं बेळगावात जन्मलेल्या तान्ह्या पोरालाही येतं. राहिले दोन शब्द. गुरतु आणि कावीगी. ह्यांनी थोडा विचार केला, आणि मातृभाषा मदतीला धावली. गुरतु म्हणजे गेरू. कावीगी म्हणजे काव. दोन्हींचा अर्थ तीच तांबडी माती, तुळशीकट्ट्याला लावतात ती. माणूस अडाणी असेल पण एकच गोष्ट दोनदा सांगतोय, म्हणजे महत्त्वाची असणार, असं ह्यांना वाटलं.

मी चिकोडीहून परतले तेव्हा हे स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे होते. दिवाळीत तुळशीकट्ट्याला लावून उरलेली काव वाटीत कालवली होती. हातात जुना दाढीचा ब्रश. आठ अंडी रंगून वर्तमानपत्रावर वाळत होती, नवव्याला पहिला हात बसायचा होता.

"हे काय?"

"जंतुनाशक असणार," हे म्हणाले. "जुने लोक मूर्ख नव्हते."

गुरतु म्हणजे खूण. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या बाजूला गोल, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा फिरवताना कुठलं फिरवलं आणि कुठलं राहिलं ते कळतं. आणि कावु म्हणजे ऊब. कावीगी इड्री, उबवायला ठेवा. एवढंच तो माणूस म्हणाला होता. मी हे सांगितलं तेव्हा माझा आवाज कोर्टात चढतो त्याहून जास्त चढला असणार, कारण शेजारच्या वहिनी गॅलरीत आल्या. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, आतला जीव त्यांतून श्वास घेतो, हे मला ह्यांनीच आठवड्यापूर्वी शिकवलं होतं. मी ते ह्यांना परत शिकवलं.

"पण दोन्ही शब्द जुळत होते," हे पुटपुटले.

दोन साक्षीदार एकसारखं बोलले म्हणजे साक्ष खरी होत नाही, हे मी किती वर्षं न्यायाधीशांना सांगत आले. घरात सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

मग मीच त्या हुक्केरीच्या माणसाला फोन केला. तो इतका हसला की त्याला खोकला लागला, आणि त्याची बायको फोनवर आली. दोघांचं हसून झाल्यावर त्यानं सांगितलं की अंडी धुवायची नाहीत, पाण्यानं कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं आणि घाण आत शिरते. माती वाळू द्या, कोरड्या मऊ फडक्यानं पुसून काढा, जेवढी निघेल तेवढी. पुढचं नशीब. आम्ही दोघं जमिनीवर फतकल मारून माझ्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं अंडी पुसत बसलो. बरीच माती निघाली, पण रंग राहिला. शेवटी ती आठ अंडी विटकरी झाली. सगळ्यांवर मी पेन्सिलीनं फुल्या आणि गोल काढले आणि अकराही अंडी खोक्यात गेली.

त्यानंतर ह्यांनी स्वतःला त्या खोक्याच्या सेवेत अर्पण केलं. शाळेच्या तासांप्रमाणे अंडी फिरवायची, वाटीतलं पाणी तपासायचं, आणि मी झाकणाजवळून गेले तरी 'दार लाव, वारं येतं' म्हणून ओरडायचं. आठवड्यानंतर मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी धरून ह्यांनी अंडी तपासली. न रंगवलेल्या तिन्हींत आरपार नितळ उजेड. कोंबडा शेजारचा असला की तो किती जबाबदारीनं वागेल याची खात्री नसते. ती तिन्ही कोरीच होती. राहिली ती कावेची आठ. त्यांतलं काही दिसेना, सगळीकडे नुसता तांबूस अंधार. म्हणजे आक्कांचं सगळं घराणं आता ह्यांच्या कन्नडवर अवलंबून होतं.

ह्यांचं जेवण कमी झालं. एकदा चहा पिता पिता हे मला म्हणाले, "आक्काला काय सांगू?" मला राग धरून ठेवायचा होता, पण तो तिथं गळून पडला. बहिणीसमोर लहान होणाऱ्या म्हाताऱ्या भावाकडं बघून मला फार वाईट वाटलं.

शेवटच्या आठवड्यात आक्का स्वतःच बॅग घेऊन दारात उभ्या. "बाळंतपन हिकडं आनि मी तिकडं बसू व्हय?" असं म्हणून सरळ खोक्यापाशी गेल्या आणि काचेतून आत बघितलं.

"आगं बया," आक्का म्हणाल्या. "काव लावलीस व्हय रं?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"बरं केलंस बग," आक्कांचे डोळे भरून आले. "माज्या बाळंतपनात आईनं खोलीला अशीच काव वडली हुती. तुला कसं रं ठावं? तू तर आलाबी न्हवतास."

ह्यांनी मान खाली घातली, आणि आक्कांना ती नम्रता वाटली. अशिलाविरुद्ध वकिलाला बोलता येत नाही, म्हणून मीही गप्प बसले.

आक्का खोक्यासमोर टीव्हीसमोर बसावं तशा बसल्या. त्यांना झाकण उघडून बघायचं असायचं, आणि शेवटचे तीन दिवस झाकण उघडायचं नसतं, अंडी फिरवायचीही नसतात. आतली ओल गेली तर कवचाखालचा पापुद्रा वाळतो आणि पिल्लू त्यातच अडकतं. भावंडांची त्यावरून रोज जुंपायची. "कोंबडी काय झाकान लावून बसती व्हय?" आक्का विचारायच्या. "कोंबडी उठून टीव्ही बघत नाही," हे म्हणायचे. त्यात एका दुपारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि इन्व्हर्टरही बसला. आक्कांनी आपली वाकळ काढून खोक्याभोवती गुंडाळली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि वीज येईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. त्या दुपारी त्यांनी काही अंगाईसारखंही गुणगुणलं. ह्यांनी त्यांना बसायला उशी आणून दिली.

एकविसावा दिवस गेला आणि काहीच झालं नाही. बाविसाव्या दिवशी सकाळी आक्का पोहे सोडून उठल्या. एका विटकरी अंड्याला बारीक टवका उडाला होता आणि आतून चोच दिसत होती. हे कवच सोलून मदत करायला निघाले, तेव्हा आक्कांनी ह्यांचा हात धरला. "तिचं तिला येऊ दे. वडून काडल्यालं जगत न्हाय." दुपारपर्यंत पिल्लू बाहेर आलं. ओलं, काळं, आणि पंखांवर कावेचा एक डाग. बाकीच्या सातांतून काहीच निघालं नाही.

संध्याकाळी हे मला बाजूला घेऊन म्हणाले, "बघ, काव लावलेल्यातूनच निघालं."

"आठांतून एक," मी म्हटलं. "याला आमच्याकडं संशयाचा फायदा म्हणतात."

पिल्लानं थोडं अंग धरल्यावर आक्का त्याला घेऊन बेळगुंदीला गेल्या. मग महिनोन्‌महिने एकच खल चालला, कोंबडी की कोंबडा. ह्यांना रोज फोटो यायचा. तुरा जरा लाल दिसला की हे अस्वस्थ. पाय जाड वाटतात का, शेपूट वर वळतं का, चाल कशी आहे. एकदा आक्कांच्या जावेनं 'कोंबडाच हाय, बगा की ऐट' असं म्हटलं आणि आक्का तिच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. देवघरात आमच्या ह्यांनी हात जोडलेले मी पाहिले. काय मागितलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "मुलगी व्हावी." आमच्या घरच्या देवाला हे मागणं नवीन असणार.

उन्हाळ्यात एका सकाळी फोन आला. आक्कांनी 'हॅलो' सुद्धा म्हटलं नाही. "तत्ती दिली रं," त्या ओरडल्या. "पोरगी हाय, पोरगी!"

तत्ती हा शब्द ह्यांना या खेपेलाही बरोबर कळला. हे तसेच उठले, बाजारात मिठाईवाल्याकडून कुंद्याचा मोठा डबा घेऊन आले, आणि आम्ही बेळगुंदीला गेलो. हे आक्कांच्या गल्लीत घरोघर कुंदा वाटत फिरले. 'पोरगी झाली, पोरगी झाली' म्हणत होते. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि कुंदा घेत होत्या. काळी डालग्याखाली मान वर करून बसली होती.

आक्कांनी शेवटी आपला घास हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. हसत हसतच म्हणाल्या, "माज्या तिघी झाल्या तवा कुनी गुळाचा खडासुदीक वाटला न्हाय रं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आज आठवलं म्हणून त्या बोलल्या होत्या. हे डब्याचं झाकण हातात धरून उभे राहिले. तिसऱ्या बाळंतपणाच्या वेळी हे कॉलेजात होते, आणि बेळगुंदी काही तेव्हा लांब नव्हती. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी कोंबडीकडं बघत राहिले.

परतताना डब्यात निम्मा कुंदा शिल्लक होता. हे घरी आलेच नाहीत. मला बसस्टँडवर सोडलं आणि स्कूटर खानापूरच्या रस्त्याला वळवली, थोरली भाची तिथं असते. दुसऱ्या दिवशी स्कूटर तिथंच ठेवून बसनं चिकोडीला मधलीकडं आणि तिथून निपाणीला धाकटीकडं.

संध्याकाळी धाकटीचा मला फोन आला. ती घाबरली होती.

"मामी, मामा बरे हायत नव्हं? कुंदा घेऊन आल्यात, दारातच उभं ऱ्हायल्यात, डोळं पुसाय लागल्यात. पोरगी झाली म्हनत्यात. कुनाला झाली, तेबी सांगंनात."

"तुझ्या आईला," मी म्हटलं. "वाटायला जरा उशीर झाला. घे, खा."